चालणारा आणि चालवणारा : जबाबदारी दोघांची, पण सारखी नव्हे



जानेवारी महिना आला की शाळाशाळांत रस्ता सुरक्षा अभियान सुरू होते. फळ्यावरचा सुविचार बदलतो, चित्रकलेच्या तासाला सिग्नलचे तीन दिवे रंगवले जातात, प्रभातफेरी निघते आणि शेवटी निबंध स्पर्धा होते. मुले छान लिहितात. ‘वाहने सावकाश चालवावीत’, ‘रस्ता झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडावा’, ‘हेल्मेट वापरावे’. बक्षिसे वाटली जातात, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात.

आणि संध्याकाळी शाळा सुटली की हीच मुले फाटकाबाहेर काय बघतात? राँग साईडने घुसलेली स्कूटी. फुटपाथवर चढवलेली चारचाकी. एका मोटारसायकलवर बाबा, आई, ताई आणि टाकीवर बसलेला धाकटा, चौघांत मिळून हेल्मेट एकही नाही. दुभाजकाच्या फटीतून मुलाचा हात धरून पळणारी आजी. तिच्यासाठी ब्रेक न लावता लांबूनच हॉर्न दाबत येणारा टेम्पो.

मुलांनी निबंधात काय लिहिले ते आपण तपासतो. पण मुले आपल्याला रोज तपासत असतात, त्याचे काय? आज याच विषयावर थोडे स्पष्ट बोलू या.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या पंधरा हजारांच्या वर होती.

यात कोण होते? सर्वाधिक होते दुचाकीस्वार : ७४,८९७. त्यांच्या खालोखाल पादचारी : ३२,८२५. जवळजवळ दर पाच मृतांमागे एक जण पायी चालणारा होता. त्याच्याकडे ना इंजिन, ना वेग, ना कोणाला धडकून मारण्याची ताकद. बाजाराला, कामाला, शाळेला, देवळाला निघालेला माणूस. रोज साधारण ९० जण असे घरून चालत निघाले आणि परत आले नाहीत.

त्याच वर्षी अठरा वर्षांखालची ९,५२८ मुले रस्त्यावर गेली. म्हणजे रोज २६. एखाद्या लहान शाळेतला अख्खा वर्ग रोज! प्रार्थनेला उभी असलेली एक रांग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा कळेल.

आणखी एक नोंद. या अहवालात अतिवेगाने झालेल्या अपघातांत दगावलेल्यांचे प्रमाण दहापैकी सातांहून जास्त आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी चर्चा वेगावरच येणार आहे.

‘दोघांचीही चूक असते’ हे वाक्य

अपघाताची बातमी आली की कट्ट्यावर, स्टाफरूममध्ये, घरात एक वाक्य ठरलेले असते : “अहो, दोघांचीही चूक असते.” कधी त्याच्या पुढे, “हे पायी चालणारे लोक बघतात का इकडेतिकडे? मध्येच येतात!”

यात खरे किती? थोडे आहे. मोबाइलमध्ये डोके घालून रस्ता ओलांडणारे लोक आहेत. वीस पावलांवर क्रॉसिंग असताना कठड्यावरून उडी मारणारे आहेत. कानात इअरफोन घालून महामार्गाच्या कडेने पहाटे फिरायला निघणारेही आहेत. तेव्हा पादचाऱ्याची जबाबदारी नाही असे कोणीच म्हणणार नाही.

पण माझे म्हणणे असे आहे की जबाबदारी सामायिक असली तरी ती समान नसते. आपण मुलांना शिकवताना नेमका इथेच घोळ करतो. ‘वाहनचालक आणि पादचारी दोघांनीही नियम पाळावेत’ असे एक गुळगुळीत वाक्य लिहून देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. जणू दोन पहिलवान समान वजनगटात कुस्तीला उभे आहेत!

साधा विचार करा. दोघांनी सारखीच चूक केली, म्हणजे दोघांचेही दोन सेकंद लक्ष नव्हते. पादचाऱ्याची चूक असेल तर मरतो पादचारी. चालकाची चूक असेल तरीही मरतो पादचारीच. चूक कोणाचीही असो, किंमत बहुतेक वेळा एकच जण मोजतो. म्हणून ज्याच्या हातात वजन आणि वेग आहे, त्याच्यावर जास्त भार यायला हवा.

दुसरी गोष्ट. चालायला लायसन्स लागत नाही. चालवायला लागते. असे का? चालणे हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. वाहन चालवणे ही परीक्षा घेऊन दिलेली परवानगी आहे. तुमच्या हातात दुसऱ्याचा जीव घेऊ शकणारी वस्तू आहे, ती सांभाळता येते का हे तपासून ती परवानगी मिळते. पाच वर्षांचे मूल रस्त्यावर असू शकते, ऐंशी वर्षांची आजी असू शकते, अंध व्यक्ती असू शकते. त्यांना परीक्षा देता येणार नाही आणि द्यायला लावूही नये. चालकाने मात्र ती दिलेली आहे. मग समजून घेण्याची अपेक्षा आधी कोणाकडून करायची?

कायदाही हेच सांगतो. २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. आपल्याकडे किती जण थांबतात? उलट एखादा थांबलाच तर मागचे हॉर्न वाजवून त्याला हैराण करतात.

वेगाचे गणित : फळ्यावर मांडून बघा

हा भाग विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांसाठी, पण पालकांनीही जरूर वाचावा.

चालकाला समोर मूल दिसले की पाय लगेच ब्रेकवर जात नाही. डोळ्यांनी पाहायचे, मेंदूने ओळखायचे, पाय उचलायचा, यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी त्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि गाडी घसरत थांबते. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक आणि सावध चालक धरून हिशेब साधारण असा येतो :

• वेग ताशी ३० किमी : आधी ८ मीटर, ब्रेक लावल्यावर ५ मीटर, एकूण १३ मीटर
• वेग ताशी ४० किमी : ११ अधिक ९, एकूण २० मीटर
• वेग ताशी ६० किमी : १७ अधिक २०, एकूण ३७ मीटर
• वेग ताशी ८० किमी : २२ अधिक ३५, एकूण ५७ मीटर

वेग ३० चा ६० झाला, म्हणजे दुप्पट. पण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर ५ वरून २० झाले, म्हणजे चौपट. कारण ते अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पावसाळी रस्ता, गुळगुळीत टायर किंवा भरलेला ट्रक असेल तर हे अंतर याहून कितीतरी जास्त होते. आणि चालक मोबाइलवर बोलत असेल तर तो पहिला एक सेकंद एक सेकंद राहतच नाही.

आता खरा प्रश्न मुलांना विचारा. वीस मीटरवर अचानक एक मूल आडवे आले. ४० च्या वेगाने येणारी गाडी मुलाच्या अगदी जवळ येऊन थांबली. त्याच जागी ६० च्या वेगाने येणारी गाडी असती तर धडक किती वेगाने बसली असती? मुले म्हणतात, “वीस! साठातून चाळीस गेले.” नाही. सतरा मीटर तर चालकाचा पाय ब्रेकवर जाण्यातच संपले. उरलेल्या तीन मीटरमध्ये गाडीचा वेग जेमतेम ५५ पर्यंत उतरतो. एक चालक थांबला, आणि दुसरा त्याच ठिकाणी ताशी ५५ किमी वेगाने मुलावर आदळला. फरक होता स्पीडोमीटरवरच्या वीस आकड्यांचा.

हे गणित एकदा फळ्यावर सोडवले की ‘वेग कमी ठेवा’ हे नुसते उपदेशाचे वाक्य राहत नाही. मुले घरी जाऊन बाबांना विचारतात. आणि बाबांकडे उत्तर नसते!

दुसरे गणित पादचाऱ्याचे. दोन पदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद असतो. चांगला चालणारा माणूस तो सहा सेकंदांत ओलांडतो. आजीला किंवा दप्तर घेतलेल्या पहिलीच्या मुलाला नऊ सेकंद लागतात. तेवढ्या नऊ सेकंदांत ६० च्या वेगाची गाडी दीडशे मीटर अंतर कापते. म्हणजे जी गाडी ‘अजून खूप लांब आहे’ असे वाटते, ती आजी रस्त्याच्या मध्यावर असतानाच येऊन ठेपते. लहान मुलांना तर येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज मोठ्यांसारखा येतच नाही. ती त्यांची बेफिकिरी नसते, ते वयच तसे असते. म्हणून ‘मुलगा बघत नव्हता’ असे म्हणण्याआधी मोठ्यांनी दोनदा विचार करावा.

चालकांनी काय करावे?

यादी मोठी करत नाही. चार सवयी बदलल्या तरी खूप आहे.

पहिली, हॉर्न हा ब्रेकला पर्याय नाही. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ ‘मी आलोय, बाजूला हो’ असा झाला आहे. लहान मूल हॉर्नने दचकून पुढे पळते की मागे, हे कोणी सांगू शकत नाही. गाव, वस्ती, शाळा, बाजार दिसला की आधी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा.

दुसरी, उभ्या असलेल्या एसटीच्या किंवा स्कूलबसच्या बाजूने जाताना वेग कमी करायचा. बसमधून उतरलेले मूल बसच्या पुढून किंवा मागून आडवे येऊ शकते, आणि ते आल्याशिवाय दिसत नाही. स्टॉपवर एसटी थांबली की तिला कट मारून पुढे जाणाऱ्यांची आपल्याकडे काही कमी नाही.

तिसरी, फुटपाथ आणि साइडपट्टी ही पार्किंगची जागा नव्हे. ‘दोनच मिनिटं थांबतो हो’ म्हणून लावलेल्या एका गाडीमुळे चाळीस माणसे रस्त्यावर उतरून चालतात. त्यातल्या एखाद्याला मागून धडक बसली तर बातमीत त्या उभ्या गाडीचे नावही येत नाही.

चौथी, अंधारात अप्पर मारत जाऊ नये. समोरच्याचे डोळे दिपतात आणि कडेने चालणारा माणूस त्याला दिसतच नाही. डिपर हा गाडीतला सर्वांत स्वस्त सुरक्षा उपाय आहे, पैसा लागत नाही.

ऊस हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर, सोलापूर या भागांत राहणाऱ्यांना ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वेगळे सांगायला नको. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली, आणि मागून येणारा दुचाकीस्वार. ट्रॉलीला लावायची रिफ्लेक्टरची पट्टी फार महाग नसते. गावातल्या मुलांनी आपल्याच घरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला ती लावली तर हा शाळेचा सर्वांत उपयोगी उपक्रम ठरेल.

पादचाऱ्यांना काय शिकवावे?

इथे एक गोष्ट आपण शिक्षकांनी नीट तपासायला हवी. कित्येक वह्यांत आणि निबंधांत वाक्य असते, ‘नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे’. ‘डावीकडून’ हा नियम वाहनांसाठी आहे. फुटपाथ असेल तर फुटपाथवरूनच चालायचे, हे बरोबर. पण फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर, म्हणजे आपल्या बहुतेक गावच्या रस्त्यांवर, पादचाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालणे जास्त सुरक्षित आहे. डावीकडून चाललो तर वाहन पाठीमागून येते, दिसत नाही. उजवीकडून चाललो तर येणारे वाहन समोर दिसते आणि वेळ पडली तर बाजूला होता येते. पाठ करून घेतलेले एक चुकीचे वाक्य मूल आयुष्यभर पाळते. तेव्हा हे वाक्य वहीतून काढू या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात :

• ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचे. का? आपल्याकडे पहिले वाहन उजवीकडून येते म्हणून. कारण सांगितले की मुले विसरत नाहीत.
• एकमार्गी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघायचे. राँग साईडने येणारे आहेतच.
• उभ्या गाडीच्या किंवा बसच्या मागून एकदम बाहेर पडायचे नाही. बस जाऊ द्यायची, मग ओलांडायचे.
• ओलांडताना पळायचे नाही, मध्येच मागे फिरायचे नाही. चालकाशी नजरानजर झाली की मगच पाऊल टाकायचे.
• मोबाइल खिशात, इअरफोन कानाबाहेर.
• पहाटे किंवा रात्री फिक्या रंगाचे कपडे, हातात टॉर्च. शाळेच्या दप्तराला मागे चमकणारी पट्टी शिवून घेतली तर फारच उत्तम.
• लहान मुलाचा हात मनगटाला धरायचा, आणि मुलाला रस्त्याच्या बाजूला न ठेवता आतल्या बाजूला ठेवायचे.

हे सगळे शिकवताना स्वर कसा असावा? ‘तू चुकलास तर मरशील’ असा नको. ‘समोरचा चुकू शकतो, म्हणून तू सांभाळ’ असा हवा. मुलाने स्वतःला सांभाळायला शिकावे, पण रस्त्यावर चालणे हाच आपला गुन्हा आहे असे त्याला वाटू नये.

चालायला जागा आहे का?

चालक आणि पादचारी यांचे भांडण लावून देऊन आपण तिसऱ्या पक्षाला सोडून देतो. तो म्हणजे रस्ता स्वतः, आणि तो बांधणारे, सांभाळणारे आपण सगळे.

शाळेसमोर क्रॉसिंगचे पांढरे पट्टे पुसून गेलेत. फुटपाथ सुरू होतो आणि विजेच्या डीपीपाशी संपतो. त्यापुढे टपरी, पुढे हातगाडी, पुढे लावलेल्या दुचाकी. पादचारी पूल बांधला आहे, पण त्याला साठ पायऱ्या आणि आजीचे गुडघे दुखतात. मग ती खालून रस्ता ओलांडते आणि आपण म्हणतो, ‘लोकांना शिस्तच नाही’. जिथे चालायला जागाच नाही, तिथे शिस्त पाळायची कुठे?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चालण्यायोग्य, अतिक्रमणमुक्त फुटपाथ मिळणे हा पादचाऱ्यांचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्क शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. फुटपाथ ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे, हे मुलांना कळू द्या.

आणि चालणाऱ्याचा विचार करून रस्ता बांधता येतो, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. आषाढी वारीला लाखो वारकरी पंढरपूरला चालत जातात. वर्षानुवर्षे दिंड्या आणि वाहने एकाच रस्त्यावरून जात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, त्यांच्या आराखड्यात दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरली आहे. वारकऱ्यांसाठी जो विचार झाला, तो रोज दोन किलोमीटर चालत शाळेत येणाऱ्या मुलासाठी का होऊ नये? त्याचीही रोजची वारीच आहे.

पालकांनो, थोडे कडू बोलतो

दहावीचा निकाल लागला की काही घरांत स्कूटी येते. मूल पंधरा-सोळा वर्षांचे. “क्लासला जायला लांब पडतं हो, आणि तो नीटच चालवतो.” सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचे. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटी ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्यांना अठरा वर्षे पूर्ण लागतात.

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. शिक्षेच्या भीतीनेच हे करावे असे नाही. पण किल्ली मुलाच्या हातात देताना आपण काय देतो आहोत, हे कळावे म्हणून सांगितले.

चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. म्हणजे मागे बसणाऱ्या दुसरीतल्या मुलीलाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी तर चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किमीची वेगमर्यादा असा वेगळा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. किती पालकांना माहीत आहे? या महिन्याच्या पालकसभेत एवढे एक जरी सांगितले तरी सभा सार्थकी लागेल.

आणि शाळेच्या फाटकाबद्दल. आपल्या मुलाला अगदी फाटकाला टेकून उतरवायचे म्हणून आपण इतरांच्या शंभर मुलांच्या वाटेत गाडी घालतो. आपण गाडीत असतो तेव्हा चालणारे लोक अडथळा वाटतात. गाडी लावून उतरलो की गाडीवाले माजलेले वाटतात. माणूस तोच, पाच मिनिटांत बाजू बदलली! हे एकदा लक्षात आले तरी पुष्कळ भांडणे मिटतील.

तीनशे शब्दांचा निबंध

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर भागात भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मरण पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांतच जामीन दिला, आणि त्यातली एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप झाला, पुढे त्या आदेशात बदलही झाला. प्रकरणाचा न्याय न्यायालय करील, त्यावर इथे बोलायचे नाही.

पण शिक्षक म्हणून मला त्या अटीतली एक गोष्ट टोचते. लोक हसले, चिडले, “निबंध ही काय शिक्षा झाली?” असे म्हणाले. बरोबरच म्हणाले. मग आपण दरवर्षी जानेवारीत काय करतो? तीनशे शब्दांचा निबंधच लिहून घेतो ना? तीनशे शब्दांनी एका आरोपीची जबाबदारी संपत नाही, तर आपली तरी कशी संपेल? निबंध लिहू नये असे नाही. निबंधाच्या आधी आणि नंतर काहीतरी घडले पाहिजे.

वर्गात आणि शाळेत करता येण्यासारखे

१. फाटकाबाहेरची पाहणी. सातवी ते नववीची मुले शिक्षकांसोबत, फाटकाच्या आत सुरक्षित जागी उभी राहून शाळा सुटण्याच्या वेळची पंधरा मिनिटे नोंद करतील. किती दुचाकी, किती हेल्मेट, किती ट्रिपल सीट, क्रॉसिंगवर किती वाहने थांबली. गाडीचा नंबर नाही, नाव नाही, फक्त संख्या. त्यांचा स्तंभालेख काढून फलकावर लावायचा. पालक स्वतःच बघतील.

२. नकाशा. भूगोलाच्या तासाला घर ते शाळा वाटेचा नकाशा काढून धोक्याच्या जागा लाल खुणेने दाखवायच्या. सगळ्यांच्या नकाशांत ज्या जागी लाल खूण आली, तिथे काहीतरी करायलाच हवे.

३. पत्रलेखन. मराठीच्या तासाला औपचारिक पत्र शिकवतोच. ते काल्पनिक कशाला? ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाला खरे पत्र लिहू या, पुसलेले पट्टे रंगवून द्या, गतिरोधक करा, ‘पुढे शाळा आहे’ हा फलक लावा. पोच घ्यायची आणि ती वर्गात लावायची.

४. परिवहन समिती. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. ती कागदावर असेल तर बैठक घ्या. चालत येणाऱ्या आणि सायकलवरून येणाऱ्या मुलांचा विषयही त्यात घ्या.

५. मदतीचा सराव. १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ असले पाहिजेत. फोन करून ठिकाण नेमके कसे सांगायचे, याचे नाट्यीकरण वर्गात करा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे मुलांनी घरी सांगू द्या. “नको बाबा, पोलिसांचं लचांड” म्हणून पुढे निघून जाणारी गाडी कदाचित थांबेल.

शेवटी

कोणी म्हणेल, “सर, एका शाळेने काय होणार? सगळा देशच असा चालतोय.” खरे आहे. पण सगळा देश आपल्या ताब्यात नाही. शाळेच्या फाटकापासून दोनशे मीटर रस्ता मात्र थोडाफार आहे. तिथे येणाऱ्या बहुतेक गाड्या आपल्याच पालकांच्या आणि आपल्याच शिक्षकांच्या असतात. सुरुवात आपल्यापासून, म्हणजे स्टाफच्या पार्किंगपासून करावी. ज्या शिक्षकाचे हेल्मेट मुलांना रोज दिसते, त्याला त्यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

मुलांना एवढेच सांगू या. चालत असशील तेव्हा डोळे उघडे ठेव, कारण जीव तुझा आहे. आणि मोठा होऊन गाडी चालवशील तेव्हा त्याच्या दुप्पट उघडे ठेव, कारण तेव्हा जीव दुसऱ्याचा असेल.

उद्या सकाळी शाळेत येताना वाटेत एखादे मूल कडेला, ओलांडायच्या तयारीत उभे दिसले, तर थांबा. हाताने ‘जा बाळ’ अशी खूण करा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.